‘द व्हाइट क्वीन’ कशी पाहावी : नवख्या प्रेक्षकासाठी नात्यागोत्याची वाट

इंग्लंडमधील पंधराव्या शतकातल्या गादीच्या भांडणावर बेतलेली ‘द व्हाइट क्वीन’ ही दहा भागांची मालिका बीबीसी वन या वाहिनीवर जून ते ऑगस्ट २०१३ या काळात प्रथम दाखवली गेली. फिलिपा ग्रेगरी यांच्या तीन कादंबऱ्यांवरून ती रचलेली असून तिची कथा १४६४ ते १४८५ अशी एकवीस वर्षांची आहे. ही मालिका उत्साहाने सुरू करून तिसऱ्या-चौथ्या भागात सोडून देणारे बरेच जण मला भेटले आहेत. त्यांची तक्रार एकच असते: माणसे फार, नावे तीच तीच, आणि कालचा मित्र आज शत्रूच्या छावणीत का उभा आहे हे कळत नाही. ही अडचण खरी आहे, पण ती दूर करण्याचा एक उपाय मराठी प्रेक्षकाच्या हाती आयताच आहे, आणि तो इतका उपयोगी पडतो की त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांचे हे युद्ध लढायांच्या क्रमाने समजून घेण्याऐवजी नात्यांच्या क्रमाने समजून घ्यावे, आणि ती नाती मराठी शब्दांत लिहून काढावीत. काका, मामा, मावशीचा नवरा आणि आत्याचा नवरा या चौघांनाही इंग्रजीत एकाच शब्दाने हाक मारतात. दीर, मेहुणा आणि साडू यांचेही तसेच. आपल्या भाषेत त्या प्रत्येकाचे स्थान वेगळे असल्यामुळे नाते नीट लिहिले की त्यामागचा हक्क आणि हेवा आपोआप दिसू लागतो.

इतिहासात जे घडले ते पुढे उघडपणे सांगितले आहे, कारण ते आधी माहीत असल्याने ही मालिका अधिक चांगली समजते. मालिकेने स्वतः रचलेली मोठी वळणे मात्र सांगितलेली नाहीत.

सुरुवात करण्यापूर्वी

आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत हे आधी तपासावे. ब्रिटनमध्ये दाखवलेली बीबीसीची आवृत्ती आणि अमेरिकेत स्टार्झ वाहिनीने दाखवलेली आवृत्ती यांच्या संकलनात फरक आहे. अमेरिकी आवृत्तीत शय्यादृश्ये आणि हिंसा अधिक उघड आहेत. ब्रिटिश आवृत्तीही लहान मुलांसाठी नाही, त्यामुळे घरातल्या सर्वांनी मिळून पाहायचे ठरवले असेल तर पहिला भाग मोठ्यांनी आधी पाहून घेणे बरे. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत. इंग्रजी उत्तम येत असले तरी ठेवावीत, कारण येथे प्रश्न भाषेचा नसून नावांचा आहे, आणि नाव डोळ्यांनी वाचले की लक्षात राहते. उच्चार मात्र कानांनी घ्यावेत. जो शब्द आपण ‘वारविक’ असा वाचतो तो ‘वॉरिक’ आहे, आणि ‘ग्लॉस्टर’, ‘लेस्टर’, ‘बोफर्ट’ हीसुद्धा लिहिली जातात त्याहून बोलताना बरीच वेगळी होतात.

कागद तयार करणे

एक मोठा कागद आडवा घ्यावा आणि सर्वांत वर राजा तिसरा एडवर्ड याचे नाव लिहावे. त्याचा मृत्यू १३७७ मध्ये झाला आणि मालिकेत तो कुठेही दिसत नाही, पण सारे भांडण त्याच्या मुलांच्या वंशजांचे आहे. त्याच्या मुलांपैकी दोघांची नावे खाली लिहावीत: लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट आणि यॉर्कचा ड्यूक एडमंड. जॉनच्या मुलाने १३९९ मध्ये आपल्या चुलतभावाला, म्हणजे राजा दुसरा रिचर्ड याला, पदच्युत करून गादी घेतली. तेथून लँकेस्टर घराण्याचे तीन राजे झाले. त्यांतला तिसरा, सहावा हेन्री, १४२२ मध्ये अवघ्या नऊ महिन्यांचा असताना राजा झाला आणि १४५३ मध्ये त्याला असा मानसिक आघात झाला की वर्षाहून अधिक काळ तो कोणाला ओळखतही नव्हता. त्याची फ्रेंच राणी मार्गारेट ऑफ आंजू हिला त्याच काळात मुलगा झाला. एकीकडे शुद्ध हरपलेला राजा आणि तान्हा वारस, दुसरीकडे यॉर्कच्या पातीतला कर्तबगार ड्यूक रिचर्ड, अशा स्थितीत १४५५ मध्ये सेंट अल्बन्स येथे पहिली लढाई झाली. ड्यूक रिचर्ड डिसेंबर १४६० मध्ये मारला गेला. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा एडवर्ड याने २९ मार्च १४६१ रोजी टाउटन येथे, बर्फ पडत असताना झालेल्या भीषण लढाईत विजय मिळवून चौथा एडवर्ड म्हणून गादी पक्की केली. पहिला भाग पाहण्यासाठी एवढी पूर्वपीठिका पुरते. याहून अधिक वाचत बसल्यास मालिका सुरूच होत नाही.

आता कागदाच्या मध्यभागी चौथा एडवर्ड लिहून त्याच्याभोवती नाती मांडावीत. वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा त्याचा मामेभाऊ, कारण एडवर्डची आई सेसिली ही वॉरिकची आत्या. जॉर्ज (क्लॅरेन्सचा ड्यूक) आणि रिचर्ड (ग्लॉस्टरचा ड्यूक) हे एडवर्डचे धाकटे भाऊ. वॉरिकला दोन मुली, इझाबेल आणि अ‍ॅन. एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडविल, तिची आई जॅकेटा, तिच्या भावांतला थोरला अँथनी. आणि कागदाच्या कडेला, एकटी, मार्गारेट बोफर्ट व तिचा मुलगा हेन्री ट्यूडर. मार्गारेट जॉन ऑफ गाँटच्याच वंशातली; हेन्रीचे वडील सहाव्या हेन्रीचे सावत्र भाऊ, म्हणजे एकाच आईचे. तिला कडेला ठेवण्याचे कारण असे की पहिले कित्येक भाग ती कथेच्या कडेलाच आहे असे वाटत राहते.

नावांच्या गोंधळावर याच कागदाने मात करता येते. मालिकेत एडवर्ड चार-पाच आहेत, रिचर्ड त्याहून अधिक आहेत, दोन मार्गारेट आणि दोन एलिझाबेथ आहेत. मार्गारेट बोफर्टचा नवरा हेन्री स्टॅफर्ड आणि बकिंगहॅमचा ड्यूक हेन्री स्टॅफर्ड हेसुद्धा दोन वेगळे पुरुष असून त्यांचे नाते काका-पुतण्याचे आहे. म्हणून कागदावर ‘राजा एडवर्ड’, ‘फ्रेंच राणीचा एडवर्ड’, ‘एलिझाबेथचा एडवर्ड’ असे लिहावे. आपल्या गावी एकाच नावाच्या दोघांना ओळखण्यासाठी आपण जसे कोणाचा कोण ते सांगतो, तसेच हे.

पहिला आणि दुसरा भाग : लग्न

हे दोन भाग लागोपाठ पाहावेत. १ मे १४६४ रोजी ग्राफ्टन येथे राजाने एलिझाबेथशी गुपचूप लग्न केले. ती त्याच्याहून सुमारे पाच वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई, आणि विधवा. तिचा पहिला नवरा सेंट अल्बन्सच्या दुसऱ्या लढाईत लँकेस्टरच्या बाजूने लढताना पडलेला. तिचे वडील मूळचे साधे सरदार, पण आई जॅकेटा लक्झेंबर्गच्या उमराव घराण्यातली आणि पहिल्या लग्नाने सहाव्या हेन्रीची काकू. इकडे वॉरिक फ्रान्सच्या राजाच्या मेहुणीशी एडवर्डचा विवाह जुळवण्याच्या वाटाघाटी करत होता, आणि सप्टेंबरमध्ये राजाने आपले लग्न झाल्याचे दरबारात सांगितले.

या लग्नाच्या दृश्यापाशी थांबून एक नोंद करावी: तेथे कोण कोण हजर आहे? ही नोंद आठव्या भागात लागणार आहे, आणि ती केलेल्या प्रेक्षकाला त्या भागातली राजकीय चाल एका क्षणात उमगते.

दुसऱ्या भागात राणीचे माहेर दरबारात येते. येथे बहुतेक समीक्षा वुडविल मंडळींच्या हावरेपणाबद्दल बोलतात, पण मला वाटते की नवख्या प्रेक्षकाने निवाडा करण्याची घाई करू नये आणि फक्त सोयरिकी लिहून ठेवाव्यात. राणीची बहीण कॅथरीन हिचा विवाह बकिंगहॅमच्या बालवयीन ड्यूकशी झाला, म्हणजे तो राजाचा साडू झाला; राजघराण्याशी रक्ताचे नाते असलेल्या त्या मुलाला ही सोयरीक कमीपणाची वाटली असे मानले जाते, आणि हा साडू पुढे महत्त्वाचा ठरतो. राणीचा विशीतला भाऊ जॉन याचा विवाह साठी ओलांडलेल्या नॉरफोकच्या विधवा डचेसशी लावण्यात आला. ही बाई वॉरिकची सख्खी आत्या. आपल्या वडीलधाऱ्या आत्याला राणीच्या विशीतल्या भावाशी बोहल्यावर चढवलेले पाहून वॉरिकच्या मनात काय झाले असेल, ते सांगायला मराठी घरातल्या माणसाला इतिहासकार लागत नाही. शिवाय या सोयरिकींमुळे वॉरिकच्या मुलींसाठी योग्य असे वरही उरले नाहीत.

तिसरा ते पाचवा भाग : वॉरिकची बंडखोरी

हे तीन भाग एक गट समजून दोन-तीन दिवसांत पाहावेत. मध्ये आठवडा गेला तर धागा सुटतो. वॉरिकने आधी राजाचा भाऊ जॉर्ज याला फोडले आणि जुलै १४६९ मध्ये कॅले येथे थोरली मुलगी इझाबेल त्याला दिली. एजकोटच्या लढाईनंतर राणीचे वडील आणि तोच भाऊ जॉन या दोघांना वॉरिकने ठार मारवले. पुढे जॉर्जला राजा करणे जमेना तेव्हा वॉरिकने ज्या फ्रेंच राणीशी दहा वर्षे वैर धरले तिच्याशीच हातमिळवणी केली आणि धाकटी मुलगी अ‍ॅन तिच्या मुलाला दिली. प्रेक्षक येथे गोंधळतात, पण कागदाकडे पाहावे: वॉरिकला स्वतः गादी मिळणे शक्य नव्हते, मात्र दोन मुली होत्या. एक जावई चालला नाही म्हणून त्याने दुसरा जावई केला, आणि पहिला जावई जॉर्ज आपोआप निरुपयोगी ठरला. जॉर्ज पुन्हा भावाकडे का वळतो याचे उत्तरही त्यातच आहे.

ऑक्टोबर १४७० मध्ये एडवर्डला देश सोडून फ्लँडर्समध्ये जावे लागले. तो मुलूख बर्गंडीच्या ड्यूकचा, आणि ड्यूकची पत्नी एडवर्डची धाकटी बहीण. म्हणजे राजाने आश्रय घेतला तो बहिणीच्या सासरी. मालिकेचे चित्रीकरण बेल्जियममध्ये, ब्रुज आणि गेंट या शहरांत झाले आहे. लंडन म्हणून दिसणारे दगडी बोळ आणि कमानी या त्याच प्रदेशातल्या आहेत जिथे खऱ्या एडवर्डने तो हिवाळा काढला, हे लक्षात ठेवून ती दृश्ये पाहिली की वेगळेच वाटते. इकडे एलिझाबेथने मुलींसह वेस्टमिन्स्टर मठाचा आश्रय घेतला आणि तेथेच नोव्हेंबरमध्ये तिला पहिला राजपुत्र झाला.

पाचव्या भागात दोन लढाया आहेत. १४ एप्रिल १४७१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बार्नेट येथे दाट धुक्यात वॉरिक मारला गेला. धुके खरे होते, आणि त्या धुक्यात वॉरिकच्या बाजूच्याच एका तुकडीचे ताऱ्याचे चिन्ह एडवर्डच्या सूर्याच्या चिन्हासारखे दिसल्याने आपल्याच माणसांवर बाण सुटले असे तत्कालीन बखरीत नोंदलेले आहे. ४ मे रोजी ट्यूक्सबरी येथे फ्रेंच राणीचा एडवर्ड पडला, आणि २१ मेच्या सुमारास सहावा हेन्री लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत मरण पावला. हा भाग संपल्यावर कागदावर मृतांच्या नावांखाली रेघ मारावी. लँकेस्टरच्या बाजूला आता कडेचा तो एकच मुलगा उरलेला दिसेल, आणि मार्गारेट बोफर्टकडे आपले लक्ष प्रथमच नीट जाईल. हा मुलगा झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, त्याच्या जन्माआधीच तिचा नवरा वारलेला होता, आणि १४७१ मध्ये काका जॅस्परसह ब्रिटनी या आजच्या फ्रान्समधील मुलखात गेलेला मुलगा तिला पुढे चौदा वर्षे दिसला नाही. अमांडा हेल यांनी तिची प्रार्थना, हट्ट आणि एकाकीपण ज्या ताणाने उभे केले आहे, तो काहींना अति वाटतो. मला ते या मालिकेतले सर्वांत मोलाचे काम वाटते.

सहावा आणि सातवा भाग : भाऊ, साडू आणि सासू

येथे लढाया थांबतात, म्हणून काही जणांना हे भाग संथ वाटतात. ते गाळू नयेत. विधवा अ‍ॅन नेव्हिलने ग्लॉस्टरच्या रिचर्डशी लग्न केले. त्यामुळे दोन बहिणी एकमेकींच्या जावा झाल्या आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांचे साडूही झाले. प्रश्न वॉरिकच्या अफाट इस्टेटीचा होता. तिचा मोठा हिस्सा वॉरिकच्या बायकोचा स्वतःचा होता आणि ती तर जिवंत होती. तेव्हा १४७४ मध्ये पार्लमेंटचा कायदा करून, ती जणू नैसर्गिकरीत्या मृत झाली आहे असे मानावे असे ठरवण्यात आले आणि तिची मालमत्ता जावयांत वाटली गेली. जमिनीच्या सातबाऱ्यावरून जिवंत माणसांची नावे कशी उडतात हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हा प्रसंग पाचशे वर्षांपूर्वीचा वाटणार नाही.

जॉर्जचा शेवट १८ फेब्रुवारी १४७८ रोजी टॉवरमध्ये झाला. राजद्रोहाचा आरोप खुद्द राजाने, म्हणजे थोरल्या भावाने, ठेवला. त्याला माल्मझी नावाच्या गोड मद्याच्या पिंपात बुडवून मारले ही कथा त्या काळापासून चालत आलेली आहे. मालिका ती स्वीकारते.

आठवा ते दहावा भाग : काका आणि मामा

चौथा एडवर्ड ९ एप्रिल १४८३ रोजी, एक्केचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, वारला. वारस बारा वर्षांचा. तो वेल्सच्या सीमेवर मामा अँथनीच्या देखरेखीखाली वाढत होता, आणि वडिलांच्या इच्छेनुसार त्याचे रक्षण काका रिचर्डकडे यायचे होते. मुलगा मामाच्या हाती राहतो की काकाच्या, म्हणजे आईच्या माहेरचे राज्य येते की बापाच्या भावाचे, हाच त्या उन्हाळ्याचा खरा प्रश्न होता. काकाने वाटेतच मुलाला ताब्यात घेतले आणि जूनमध्ये मामाचा शिरच्छेद झाला. बकिंगहॅम, तो जुना साडू, या सगळ्यात रिचर्डच्या बाजूने उभा होता. त्यानंतर पहिल्या भागातली नोंद काढावी: चौथ्या एडवर्डने एलिझाबेथच्या आधी एलिनॉर बटलर हिला लग्नाचे वचन दिले होते, म्हणून हे लग्न अवैध आणि त्याची मुले अनौरस, असे जाहीर करण्यात आले. लग्न गुपचूप झालेले, साक्षीदार मोजके. खोडून काढणे अवघड गेले. ६ जुलै १४८३ रोजी तिसऱ्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला आणि टॉवरमधील दोन राजपुत्र त्या वर्षानंतर कोणाला दिसले नाहीत.

मराठी प्रेक्षकाला येथे शनिवारवाडा आणि ३० ऑगस्ट १७७३ ची दुपार आठवणे साहजिक आहे. पण ती तुलना सांभाळून करावी. नारायणरावांचा खून वाड्यात उघड झाला आणि रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले. लंडनमध्ये मृतदेह नव्हते, चौकशी नव्हती, निकालही नव्हता. १६७४ मध्ये टॉवरमध्ये दोन मुलांची हाडे सापडली आणि ती राजपुत्रांची समजून वेस्टमिन्स्टर मठात ठेवली गेली, तरी वाद मिटलेला नाही. मालिका या रिकाम्या जागेत स्वतःचे उत्तर भरते, विशेषतः धाकट्या राजपुत्राबद्दल. ते नाट्य म्हणून पाहावे, पुरावा म्हणून नव्हे. रिचर्ड आणि त्याची पुतणी एलिझाबेथ यांच्या संबंधाबद्दलही तोच सावधपणा ठेवावा. अशी कुजबुज १४८५ मध्ये होती आणि राजाला ती जाहीरपणे नाकारावी लागली, एवढेच नोंदीत आहे.

निवडून पाहण्यासाठी दोन-तीन गोष्टी

जॅकेटा आणि एलिझाबेथ यांची जादू मालिकेत खरोखर फळते. इतिहासात जॅकेटावर १४६९ मध्ये चेटकाचा आरोप झाला आणि पुढच्या वर्षी राजाच्या मंडळाने तिला निर्दोष ठरवले. आरोपामागे वॉरिकच्या बाजूची माणसे होती, हे लक्षात घेतले की जादूच्या दृश्यांतही राजकारण दिसते. तिसरा रिचर्ड येथे ताठ कण्याचा दाखवला आहे. त्याचा सांगाडा सप्टेंबर २०१२ मध्ये लेस्टरमधील एका वाहनतळाखाली सापडला आणि ४ फेब्रुवारी २०१३ रोजी ओळख जाहीर झाली. त्यात मणक्याला स्पष्ट बाक होता, पण त्याचा एक हात वाळलेला होता या जुन्या कथेला आधार मिळाला नाही. लाल गुलाबाला लँकेस्टरचे चिन्ह म्हणून जे ठळक स्थान मिळाले ते मुख्यतः नंतरच्या ट्यूडर काळातले. प्रक्षेपणाच्या वेळी प्रेक्षकांनी दाखवून दिलेल्या आधुनिक कठड्यांकडे आणि पोशाखांच्या चेनकडे मात्र पहिल्यांदा पाहताना लक्ष देऊ नये. त्याने कथेतून मन उडते आणि हाती काही लागत नाही.

शेवटचा भाग सलग पाहावा. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थ येथे लॉर्ड स्टॅन्ली कोणाच्या बाजूने उतरणार याचीच सर्वांना धास्ती होती. कागदावर पाहिले तर तो मार्गारेट बोफर्टचा नवरा, म्हणजे हेन्री ट्यूडरचा सावत्र बाप, आणि त्याचा स्वतःचा मुलगा रिचर्डकडे ओलीस. ही दोन नाती डोळ्यांसमोर असतील तर त्याच्या थांबण्यातला प्रत्येक क्षण जड होतो.

भाग संपल्यावर कागदावर एकच रेघ जोडायची उरते. १८ जानेवारी १४८६ रोजी हेन्री ट्यूडरने चौथ्या एडवर्डच्या मुलीशी, एलिझाबेथ ऑफ यॉर्कशी, विवाह केला, आणि वीस वर्षे कागदाच्या दोन टोकांना राहिलेल्या एलिझाबेथ वुडविल आणि मार्गारेट बोफर्ट एकमेकींच्या विहिणी झाल्या. २०१७ मध्ये आलेली ‘द व्हाइट प्रिन्सेस’ ही आठ भागांची मालिका येथूनच सुरू होते. त्यासाठी तोच कागद जपून ठेवावा.